जावईबापूंचं सरबत

माझी थोरली बहीण सत्यभामा. तिला सगळं गाणगापूर अक्का म्हणायचं. तिच्याविषयी लोक अजूनही चांगलंच बोलतात. किती सोशिक बाई, म्हणतात, कधी आवाज चढवला नाही. ऐकून माझ्या अंगाची आग होते. सोशिकपणा हा मोठा गुण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी सोशिक माणसासोबत एका चुलीवर दहा-वीस वर्षं काढून बघावीत.

आम्ही दोघीही विधवा. मी आधी झाले, अक्का नंतर. तिचे यजमान गेले तेव्हा कमळी परकर सांभाळत अंगणात खेळायची. मग अक्कानं देवळाकडे जाणाऱ्या गल्लीतल्या आमच्या घरात यात्रेकरूंना जेवण घालायला सुरुवात केली. सोवळ्यातला स्वयंपाक, स्वच्छ हात आणि न विचारता दुसऱ्यांदा वाढलेला भात. पुण्या-सोलापूरची कर्मठ मंडळी स्टेशनवर उतरल्यावर टांगेवाल्याला आमच्याच घराचं नाव सांगत. अक्का पहाटे नदीवर आंघोळ करून ओल्या लुगड्यानं चुलीपाशी बसायची ती शेवटची पंगत उठेपर्यंत कुणाची सावली अंगावर पडू द्यायची नाही. मीसुद्धा चार हात लांब. एकदा माझा पदर तिच्या पातेल्याला लागला, तर पातेलंभर वरण गाईपुढे गेलं. हे एवढ्यासाठी सांगते, की पुढं याच बाईनं काय काय केलं ते वाचताना तुम्हाला माझा राग समजावा.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी कमळीचं लग्न झालं. मुलगा सोलापूरचा, अच्युतराव. गिरणीत हेडक्लार्क. गोरा, बोलका, केसांना तेल लावून मधोमध भांग. दिवाळसणाला दोघं आली, चार दिवस राहिली, गेली. त्यानंतर कमळी माहेरी आली नाही.

जावई मात्र यायला लागले. दर पुनवेला.

झालं असं, की तिकडं मुंबई इलाख्यात दारूबंदी आली. इकडं हैदराबाद संस्थानात तसलं काही नव्हतं. सोलापुरातल्या काही मंडळींची दत्तभक्ती त्या साली एकाएकी उचंबळून आली, त्यात आमचे जावई आघाडीवर. त्यांची आई देवभोळी. मुलानं पुनवेचं व्रत धरलं म्हणून तिला धन्य धन्य वाटलं. हे व्रतस्थ गृहस्थ गाणगापूरच्या स्टेशनात उतरायचेच नाहीत. आधी सरळ गुलबर्ग्याला जायचे, तिथं बाटली घ्यायचे आणि उलट्या गाडीनं मागं यायचे. मग आमच्या दारात पिशवी घेऊन हजर.

पहिल्यांदा आले तेव्हा अक्काला वाटलं, पिशवीत लेकीनं काही पाठवलं असेल. पिशवीतून निघाली रम. लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फाचा तुकडाही निघाला, तो निम्मा वाटेतच वितळला होता.

"मामी, गैरसमज नको," जावई म्हणाले. "आमच्या गिरणीत एक गोरा साहेब होता. जाताना मला ही कृती शिकवून गेला. पुदिना, लिंबू, साखर, सोडा आणि हे एवढंसं. उन्हाळ्याला औषध बघा. आपल्याकडं पुदिना आहे न्हवं?"

पुदिना होता. न्हाणीच्या पाण्यावर वाफाभर माजला होता. लिंबाचं झाडही होतं परसात. मी अक्काकडं बघितलं. आता ही उसळेल, बाटली उचलून उकिरड्यावर टाकेल आणि घर सारवून घेईल, असं मला वाटलं.

अक्का म्हणाली, "कमळी कशी हाय?"

"मजेत," जावई म्हणाले.

"तिला कवा पाठवायलाव?"

"बघू की. पुढच्या पुनवेला बघू."

त्या 'बघू'वर अक्कानं गोठ्याशेजारची कडब्याची खोली झाडून त्यांना चटई टाकून दिली. मी चुलीमागं तिला गाठलं.

"अक्का, तुझं डोकं ठिकाणावर हाय का? सोवळ्याच्या घरात दारू?"

"घरात कुठं? गोठ्यात हाय."

"गोठा काय परगावी हाय व्हय?"

"नली, लेक त्यांच्या घरात हाय," ती म्हणाली. "जावयाला न्हाई म्हणलं तर ते लेकीला भोगावं लागतं. कमळी एकदा घरी येऊ दे. मग बघू."

म्हणजे हीसुद्धा बघूच. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. बाकीच्या नऊंची शांत करता येते, या दहाव्याला पुदिना लागत होता.

आता त्या सरबताची कथा ऐका. जावयांना ते करता येत नव्हतं. साहेबानं काय शिकवलं आणि यांनी काय ध्यानात ठेवलं देव जाणे. पहिल्या खेपेला त्यांनी मुठीनं पुदिना उपटला, देठांसकट खलबत्त्यात घालून चटणीसारखा कुटला, त्यावर लिंबं सालीसकट पिळली, वर रम आणि सोडा. पेल्यात शेवाळ तरंगावं तसं काहीतरी झालं. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मामी, तुमच्याकडचा पुदिनाच कडू लागायलाय."

खलबत्ता आमचा, पुदिना आमचा, वर दोषही आमचाच. चोर तो चोर, वर शिरजोर. मी काही बोलणार तोच अक्कानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. ते गेल्यावर तिनं तो खलबत्ता चिंच आणि राखेनं घासला, पुन्हा घासला, मग विस्तवावर धरला आणि शेवटी गोठ्यातच ठेवून दिला. स्वतः नदीवर जाऊन आंघोळ करून आली.

पुढच्या पुनवेला मात्र मी बघतच राहिले. अक्कानं सकाळीच पुदिन्याचे कोवळे शेंडे खुडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते.

"हे काय गं?" मी विचारलं.

"देठ घालत असत्याल, म्हणून कडू होत असंल," ती म्हणाली.

त्या दिवशी जावयांनी पेला जरा बऱ्या मनानं संपवला. कमळीचं विचारलं तर पुन्हा बघू. पण या वेळी 'बघू की, मामी' असं जरा गोड आवाजात. तेवढ्यानं अक्काला हुरूप आला. आपलं सरबत जमलं तर जावयाचं मन वळेल, हे तिच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं. आणि अक्काच्या डोक्यात एकदा बसलेली गोष्ट काढायला गाणगापुरात कुणी जन्मलेलं नव्हतं.

मग दर महिन्याला काही ना काही सुधारणा. पुदिना कुटायचा नाही, साखरेबरोबर पेल्याच्या तळाशी हलक्या हातानं चुरायचा. साखर बारीक हवी, म्हणून खडीसाखर कुटून वस्त्रगाळ करायची. लिंबं बाजारातल्या निलम्माकडून निवडून घ्यायची, कारण आमच्या झाडाची साल जाड पडते. जगाला दोन लिंबं देताना कुरकुरणारी निलम्मा अक्काला टोपली उपडी करून निवडू द्यायची. पिळताना साल दाबायची नाही. चिमूटभर शेंदेलोण. बर्फ वितळतो म्हणून भीमण्णाच्या दुकानातून गोळीसोड्याच्या बाटल्या आदल्या दिवशीच आणून बादलीतून विहिरीत सोडायच्या. भीमण्णानं एकदा मला विचारलं, "अक्कांच्या घरी एवढा सोडा कामून लागायलाय?" मी म्हटलं, यात्रेकरूंची पोटं बिघडतात. आमच्या अन्नाची बदनामी मी माझ्याच तोंडानं करून आले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

रमच्या बाटलीला मात्र अक्कानं कधी हात लावला नाही. सगळं तयार करून पेला चटईशेजारी ठेवायची आणि चार पावलं मागं सरून उभी राहायची. जावई बाटली ओतायचे, वर सोडा घालायचे. पहिल्या घोटाला ती त्यांच्या तोंडाकडं बघायची. चव तिला कधी कळणार नव्हती. भुवई वर गेली की लिंबू जास्त, डोळे मिटले की जमलं. मला तो तमाशा बघवायचा नाही. जन्मात जिनं परक्या हातचं पाणी घेतलं नाही, ती बाई दारुड्याचे डोळे मिटायची वाट बघत उभी.

आणि जमलं हो! एका पुनवेला जावयांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मामी, त्या साहेबालासुद्धा असलं जमत नव्हतं." अक्का चक्क लाजली. मी भाताचं पातेलं इतक्या जोरात आपटलं की पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, कोण पडलं?

"मग कमळीला?" अक्कानं विचारलं.

"आईला जरा बरं न्हाई. बघू की."

अशी दीड-दोन वर्षं गेली. मी सांगायची, तू सोलापूरला जा. ती म्हणायची, लेकीला मूल झाल्याबिगर आईनं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, मी जाऊन करू काय? मी सांगायची, टपालानं कळव. ती म्हणायची, तिच्या सासरी पोरीचं कार्ड आधी दहा जण वाचतात. मी सांगायची, मग त्यांना एकदा खडसाव. ती माझ्याकडं असं बघायची की जणू मी गाईला खाटकाकडं द्यायला सांगितलं. शेवटी अति झालं नि हसू आलं. मी सांगणंच सोडून दिलं.

मग बावन्न सालची चैत्री पुनव आली. ऊन असं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. सकाळी सोलापूरच्या शारदाबाई आल्या. या कमळीच्या सासूच्या भजनातल्या, आमच्याकडं नेहमी जेवणाऱ्या. बाई कडक, पण मनानं वाईट नाही. हातपाय धुता धुता म्हणाल्या, "अक्का, अभिनंदन. कमळीला सातवा लागला. पण पोरगी फार वाळलीय हो. ओटी भरायलासुद्धा माहेरचं कुणी आलं न्हाई म्हणून तिची सासू बोलत होती."

अक्काच्या हातातला तांब्या खाली गेला. पडला नाही, तिनंच बसता बसता ठेवला.

सातवा! आणि हा गृहस्थ मागच्या पुनवेला येऊन, जेवून, ढेकर देऊन गेला, त्याच्या तोंडून एक शब्द नाही. मी सरळ म्हटलं, "आज तो आला की मी बोलणार. तू आडवी आलीस तर तुझ्याशीही भांडीन."

"तू बोलू नकोस," अक्का म्हणाली. "मी मागते."

"किती वेळा मागशील?"

ती पुदिना खुडायला परसात गेली. अकराच्या सुमाराला जावई आले, गोठ्याच्या खोलीत बसले. अक्कानं पुदिना दिला, लिंबू दिलं, सगळं नेहमीसारखं. मी पंगतीची पानं मांडली. शारदाबाई बसल्या, पुण्याचे एक म्हातारे बसले, आणखी सात-आठ जण. मी वरण वाढत होते. अक्का मागच्या दारानं कुठं गेली ते मला कळलंच नाही.

गाणगापुरात दुपारी बाराची वेळ वेगळी असते. त्या वेळी दत्तमहाराज भिक्षेला येतात, कुठल्या रूपात येतील सांगता येत नाही, ही इथली श्रद्धा. म्हणून बाहेरून आलेली शिकली-सवरलेली माणसंसुद्धा झोळी घेऊन पाच घरं मागतात. आणि त्या वेळी दारातल्या माणसाला इथं कुणी नाही म्हणत नाही. चिमूटभर का होईना, झोळीत पडतं.

"ॐ भवति भिक्षां देहि."

बाईचा आवाज. मी भाकरीचा तुकडा घेऊन दाराशी गेले. उन्हात अक्का उभी होती. अंगावर विधवेचं लाल आलवण, अनवाणी, आणि कुण्या यात्रेकरूची झोळी दोन्ही हातांत धरलेली. स्वतःच्याच दारात.

"अक्का, हे काय करायलीस?"

"तुझ्याकडून नको," ती म्हणाली. "जावयाच्या हातनं पायजे. बोलाव त्यांना."

तिचा आवाज चढलेला नव्हता, पण पंगत थांबली. जावयांनीही ऐकलं असावं. काय गडबड म्हणून ते गोठ्याकडून ओसरीवर आले. हातात पेला तसाच.

"मामी, ही काय थट्टा?"

"थट्टा न्हाई. सासू म्हणून मागितलं, तवा तुम्ही बघू म्हणलाव. सासूला न्हाई म्हणता येतं. आता बाराची वेळ हाय आन् मी झोळी घेऊन दारात उभी हाय. कमळीला सातवा लागलाय. तिला बाळंतपणाला माझ्या झोळीत घाला. न्हाई म्हणायचं असंल तर ह्या सगळ्यांच्या देखत म्हणा."

जावई हसायला लागले. कुणीच हसलं नाही तेव्हा थांबले. पुण्याचे म्हातारे पानावरून न उठता म्हणाले, "अहो, या वेळेला नाही म्हणू नये. द्या."

"बघू—"

"बघू न्हाई," अक्का म्हणाली.

"पाठवतो! पाठवतो म्हणालो की!"

"शारदाबाई, तुम्ही ऐकलाव न्हवं?"

शारदाबाईंनी ऐकलं होतं. पण त्यांचं लक्ष आता दुसरीकडं होतं. पुदिन्याचा वास सगळ्या ओसरीवर दरवळला होता आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही येत होता.

"अच्युतराव, हातात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"सरबत," जावई म्हणाले. "मामींनी केलंय."

इथं अक्का गप्प बसली असती तर निभलं असतं. जन्मभर गप्प बसलेली बाई. कमळीला पाठवण्याचा शब्द मिळाला होता, घर वाचत होतं. मी मनातल्या मनात हात जोडले.

"सरबत माझं हाय," अक्का म्हणाली. "त्यात वतलेली दारू त्यांची. दर पुनवेला असते."

पंगत उठली. भात तसाच, वरण तसंच. शारदाबाईंनी पान ओलांडलं आणि अंगणात जाऊन चूळ भरत राहिल्या. म्हातारे उपरणं झटकून गेले. जावई पेला ठेवून मागच्या दारानं निघाले ते न जेवता. आठ दिवसांत गावभर झालं. सोवळ्याची मंडळी गल्लीच्या तोंडाशी यायची आणि दुसऱ्या घराकडं वळायची. टांगेवाल्यांनी आमचं नाव घेणं सोडलं.

मी अक्काला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. दोन वर्षं बोलायला हवं होतं तेव्हा तोंडाला कुलूप, आणि एक दिवस गप्प बसायचं तर हिला खरं बोलायचं सुचलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "झोळी हातात धरून खोटं कसं बोलू गं?"

आता अशा माणसाचं काय करावं, सांगा.

वैशाखात एका संध्याकाळी दारात टांगा थांबला. कमळीला घेऊन शारदाबाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी सोलापुरात जाऊन कमळीच्या सासूला सगळं सांगितलं होतं, आणि सासूनंच सून पाठवली होती. शारदाबाईंनी पोरीला उंबऱ्याच्या आत सोडलं, आमच्या घरचं पाणी घेतलं नाही आणि त्याच टांग्यानं परत गेल्या. मला रागही आला आणि त्यांचे पाय धरावेसेही वाटले.

कमळी दाराशीच उभी राहिली. डोळे खोल गेलेले, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतील अशा. तिनं रिकामी ओसरी बघितली, थंड चूल बघितली.

"पंगत कुठाय?" तिनं विचारलं.

"बंद झाली," मी म्हटलं.

"म्हणजे आता आईला सवड हाय व्हय?"

तिच्या बोलण्यात असं काही होतं की मी तिच्याकडं नीट बघितलं. अक्का पुढं होऊन तिला हाताला धरायला गेली, तर तिनं हात हळूच काढून घेतला.

"ते म्हणायचे, तुझ्या आईला सोवळ्याचा व्याप हाय. तिनंच सांगितलंय, इतक्यात येऊ नको म्हणून." कमळी भिंतीला टेकत खाली बसली. "दर पुनवेला तुझ्याकडं जेवून यायचे आन् तुझं कौतुक सांगायचे. मामी माझ्यासाठी सगळं हातानं करतात, मामी मला काय पायजे ते बरोबर ओळखतात. मी दिवा लावून ऐकत बसायची. मला वाटलं, आईला जावई पायजे. मी नको."

मला त्या क्षणी सगळं कळलं आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. कमळी इथं आली असती तर तिला गोठ्यातली चटई दिसली असती आणि ते सासूच्या कानावर गेलं असतं. मग कसलं व्रत आणि कसली पुनव! अक्का एकेक पान निवडून जावयाला खूश करत होती, आणि तो जितका खूश होत होता तितकी लेक लांब राहत होती.

अक्कालाही कळलं. ती कमळीसमोर जमिनीवर बसली. ओलं नव्हतं, सोवळं नव्हतं, काही नव्हतं. तिनं लेकीचे दोन्ही पाय मांडीवर घेतले. ते सुजले होते.

"कमळे, मी तुलाच मागायले होते गं. दर पुनवेला. एकही पुनव सोडली न्हाई मी."

"मग मोठ्यानं कामून न्हाई मागितलंस?" कमळी म्हणाली.

मी दोन वर्षं ओरडून हेच विचारत होते. पण पोरीनं ते विचारल्यावर मला बहिणीकडं बघवेना. अक्का बराच वेळ लेकीचे पाय चेपत राहिली.